बुळबुळीत थर

सासऱ्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी विचित्रच प्रश्न विचारला, "घराजवळ कुठे पाण्याचे तुषार उडतात का?"

उडतात तर! शेजारच्या कार्यालयाच्या गच्चीवर एसीचं पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर आहे. त्याचे तुषार वाऱ्याबरोबर आमच्या गॅलरीत येतात, आणि तिथेच सासरे रोज नातीला मांडीवर घेऊन बसायचे. अशा तुषारांतून लीजनेला नावाचे जंतू छातीत शिरू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून लेक नुसती शिंकली तरी मी तिच्या छातीला कान लावायचे.

पाणी तपासायला प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. लेकीला नवऱ्याकडे देऊन मीही गच्ची गाठली. मला बघायचंच होतं. दार उघडलं तर पोहण्याच्या तलावासारखा वास.

"आज क्लोरीन घातलंय का?" मी टॉवरची देखभाल करणाऱ्या काकांना विचारलं.

"घातलंय म्हणजे काय, दुप्पट!" काका खुशीत. "तपासणी म्हटल्यावर आवरून नको ठेवायला? पाहुण्यांसमोर पसारा बरा दिसतो का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, मी पसाराच बघायला आलेय! आता हे पाणी निर्मळ निघणार, आणि टॉवर असाच चालू राहणार."

"मी आपलं चांगल्यासाठी..." काकांचा चेहरा एवढासा झाला.

"म्हणजे आता कळणारच नाही?" माझा आवाज चिरकला.

"थांबा हो वहिनी. पाण्यात फिरणारे जंतू मेले असतील, पण यांचं बिऱ्हाड असतं बुळबुळीत थरात. तिथवर औषध सहजी पोचत नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी पंखा बंद करायला लावला, मलाही मास्क दिला. मग टाकीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या रेषेखाली, कापूस लावलेली काडी फिरवली. तपकिरी, लिबलिबीत काहीतरी आलं.

"शेंबूड!" मी म्हटलं. लेकुरवाळीला शेंबडाची पारख पक्की असते.

"तसंच. यात जंतू असले तर त्यांना खाऊ घालायचा, उबेत ठेवायचं आणि वाढण्याची वाट बघायची."

"म्हणजे तुम्हीही बाळंच सांभाळता की!"

"माझी रात्री रडत नाहीत," त्या म्हणाल्या.

दिवस सरता सरेनात. शेवटी त्यांचा फोन आला. पाणी स्वच्छ होतं, थरात मात्र लीजनेला सापडले, आणि सासऱ्यांच्या कफातल्या जंतूंशी ते जुळत होते. टॉवर त्याच दिवशी बंद झाला. माझ्या आग्रहाखातर त्यांनी जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीचा फोटोही पाठवला. बशीभर दुधाळ ठिपके.

तो घेऊन मी दवाखान्यात गेले. सासरे आता उशीला टेकून बसू लागले होते.

"नात बरी आहे ना?" आधी तेच.

"डॉक्टरांनी तपासली, बाबा. छाती स्वच्छ आहे."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. मग फोनकडे हात केला. "हेच का ते? एवढेसे? आणि मला आडवं पाडलं! चष्मा दे बघू माझा. मोठं करून दाखव."