लाल पट्टीतली फट

सर्किट जोडायचा, भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड मंगळवारपासून रोज हातभर लांबत होता. शनिवारी तो जेवणाच्या टेबलावरून उतरून दाराच्या दिशेनं निघालेला दिसला, तेव्हा मंदाकिनीबाईंना आश्चर्य वगैरे वाटलं नाही. त्या वैतागल्या. त्यांच्याकडच्या वायरी होत्या वीतभर.

"सोपं आहे, आजी," छंदवर्गाचे सर म्हणाले होते. "सोल्डरचा डाग द्यायची भानगड नाही. वायरी नुसत्या भोकांत खोचायच्या." सोपं म्हणे! चार दिवस नाकी नऊ आले होते. दारावरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागावा, एवढंच तर हवं होतं. मंदाकिनीबाईंचे कान पार गेले होते. मागच्या महिन्यात त्यांचे यजमान भास्करराव बाजारात असताना लेक शलाका अर्धा तास बेल वाजवून परत गेली. भांडणानंतर आईनं मुद्दाम दार उघडलं नाही, असं तिनं गृहीत धरलं. आता मेसेज आला होता, 'शनिवारी पाचला येते. शेवटचं.' या वेळी दार आपणच उघडायचं, असं मंदाकिनीबाईंनी ठरवलं होतं.

"अहो, बॅटरी बदलली, दिवा उलटा लावून पाहिला, तरी पेटत नाही मेला!"

भास्करराव बोर्डाच्या मधल्या चरीपलीकडे उभे होते. सकाळी बोटभर असलेली चर आता ओलांडण्याजोगी राहिली नव्हती. मंदाकिनीबाईंनी त्यांचे ओठ वाचले.

"मंदा, कडेची लाल पट्टी मध्येच तुटलीय. पुढे करंट जातच नाही."

"हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

लाल पट्टीतली ती फट तीन हात रुंद झाली होती आणि पाचला दोन मिनिटं कमी होती. मंदाकिनीबाई चरफडत फटीवर पालथ्या पडल्या आणि दोन्हीकडच्या भोकांत त्यांनी बोटं खोचली.

दिवा लागला. शलाका आली होती.

त्यांनी उठायला बोटं ओढली. ती आत घट्ट बसली होती.

"अहो, तुम्ही तरी उघडा!"

भास्करराव निघाले. बोर्ड लांबतच होता, त्यामुळे दार जागच्या जागी राहत नव्हतं. दिवा विझला, लागला, विझला.

"आले गं!" मंदाकिनीबाई ओरडल्या.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. भास्करराव आता बोटाएवढे दिसत होते, अजून चालत होते.

"बटणावरचं बोट काढू नकोस गं," त्या म्हणाल्या, आणि पोटाखालची फट आणखी वीतभर रुंदावली.