व्हिएन्नातला अर्धा तास

"मला मागची सीट नको हं. मागे बसलं की पोटात ढवळतं, आणि पुढे बसावं तर ओटाकारच्या तोंडाला लसणाचा वास," ल्युबा माझ्या कानाशी कुरकुरली.

"मग मधली घे."

"मधे हीटर पायाशी येतो. माझे बूट नाही का मऊ पडले मागच्या..."

ती तिथेच थांबली. 'मागच्या वर्षी' हे दोन शब्द आमच्यात कुणी सलग म्हणत नाही.

रविवारची दुपार होती. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये आम्ही तिघं यंदाच्या सहलीच्या सीटा ठरवत बसलो होतो. मी, ल्युबा आणि बसचा ड्रायव्हर ओटाकार. आमचं गाव चेक देशातल्या मोरावियाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीपासून वीस मिनिटांवर. दर डिसेंबरात गाव एक बस करून नाताळचा बाजार बघायला व्हिएन्नाला जातं. दिवे बघायचे, पंचचा, म्हणजे मसाला घातलेल्या गरम दारूचा, एक कप दोघांत प्यायचा, आणि जेवायला घरून आणलेली तळलेली कटलेटं पावात घालून बसमध्येच खायची. तिथल्या किमती वाचूनच आमचं पोट भरतं. या सहलीची म्होरकी मी, अकरा वर्षं. एरवी आठवड्यातून दोनदा गावचं वाचनालय उघडते, त्यामुळे मला यादी करता येते असा सगळ्यांचा समज आहे.

यादी येते. मोजणी येत नाही. बसमधली माणसं हलतात, कोटांच्या ढिगाखाली जातात, माझा आकडा चुकतो. म्हणून परत निघताना मी आपली आमची जुनी पद्धत वापरते. दारात उभी राहून ओरडते, "शेजारी बघा! प्रत्येकाचा शेजारी आहे का?" आणि सगळी बस ओरडते, "आहे!" या ओरडण्यात सगळ्यांत मोठा आवाज व्हेंडेलिनकाकांचा असायचा. आपल्या बायकोच्या, ब्लाझेना मावशीच्या, टोपीवर थाप मारून ते असं ओरडायचे की मावशी दचकायची. दर वर्षी दचकायची.

काका मागच्या वर्षी वसंतात गेले. डिसेंबरात मावशी एकटीच आली. शेजारच्या सीटवर तिने पिशवी ठेवली होती.

संध्याकाळी पाच वाजता मी दारात उभी राहून ओरडले. बसने "आहे!" म्हटलं. बस थांबायच्या जागेवर एक पोलीस आमच्याकडे बघत होता, ओटाकारने इंजिन चालूच ठेवलं होतं. आम्ही निघालो.

तासाभराने कुणालातरी सीटवर पिशवी दिसली. आत डबा, डब्यात कटलेटं. "कुणाची गं ही?" मालक काही सापडेना. मग डबाच हातोहात फिरला. ल्युबाने दोन खाल्ली. मीही एक खाल्लं, आणि "काय कुरकुरीत झालंय!" असं मोठ्याने म्हणालेही. हे मला अजून आठवतं, सकाळी दात घासताना आठवतं.

सरहद्द ओलांडली आणि पिशवीत फोन वाजला. मी उचलला.

"अगं, मी ब्लाझेना," पलीकडून आवाज आला. "दुसऱ्या एका बसमधल्या बाईंच्या फोनवरून बोलतेय. माझाच नंबर तेवढा पाठ होता."

माझ्या बोटांना अजून तेल होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, अहो कुठे होतात? आम्ही अर्धा तास थांबलो तुमच्यासाठी!"

सगळी बस ऐकत होती. कुणीही मला खोटं पाडलं नाही. त्या बसने मावशीला जिल्ह्याच्या गावी सोडलं, तिथून तिचा मुलगा येऊन घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी रिकामा डबा घासून परत केला. कटलेटं शिळी झाली होती म्हणून ओटाकारच्या कुत्र्याला घातली, असं ल्युबाने सांगून टाकलं. ओटाकारकडे कुत्रा नाही.

तर त्या रविवारी सीटांच्या नकाशात आम्ही बत्तीसपर्यंत आलो होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि ब्लाझेना मावशी आत आली. डोक्याला रुमाल, हातात तोच डबा.

"बसा, बसा," तिने आम्हालाच सांगितलं. "व्हॅनिलाची बिस्किटं आहेत. बसमध्ये वाटायला. यारमिला, माझं नाव लिहिलं नाहीस ना?"

"लिहितेच आहे मावशी. खिडकी ना?"

"नको गं. मी नाही येत." ती बाकाच्या टोकाशी बसली. "ओटाकार, कुत्रा कसा आहे रे?"

ओटाकारने नकाशावरचं बोट हलवलं नाही. "बरा आहे."

"म्हातारा झाला असेल."

"झालाय," ओटाकार म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

ल्युबाने घाईघाईने डब्याचं झाकण उघडलं. "या की हो मावशी! तुमच्याशिवाय मजा नाही."

"तुम्ही चांगली माणसं आहात," मावशी म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर तोंडावर बोललं असतं. एवढी माणसं माझ्यापायी अर्धा तास खोळंबली, त्यात लहान मुलं होती. आणि एक शब्द नाही कुणाचा." ती हातमोजे काढून पुन्हा घालत होती. "खरं सांगू? मला वाटलं होतं, पाच मिनिटंच झालीत. व्हेंडेलिनच्या थडग्यावर ठेवायला एक लाकडी देवदूत घेत होते, एवढंच. पळत आले तर बस नाही. म्हटलं, पाचच तर मिनिटं! पण तुम्ही अर्धा तास थांबलात म्हणजे मी अर्धा तास तिथे उभी असणार. तो कुठे गेला, मला आठवतच नाही."

ल्युबाने एक बिस्किट उचललं होतं. ते तिने परत ठेवलं.

"मुलाला सांगितलं हे. तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. स्मरण तपासायला घड्याळाचं चित्र काढा म्हणाले कागदावर. काढलं मी, काटेबिटे सगळे नीट. तरी मुलगा म्हणतो, आई, अर्धा तास हरवतो म्हणजे उद्या गॅस चालू राहील. त्याने ब्रनोला एक वृद्धाश्रम बघितलाय. चांगला आहे म्हणे, खिडकीतून झाडं दिसतात. मंगळवारी सही करायची आहे." ती हसली. "घरी कोंबड्या आहेत सहा. तुझ्याकडे ठेवशील का यारमिला?"

मी ओटाकारकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. ल्युबाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, जोरात. मऊ पडलेले का होईनात, बूट जड होते.

"ठेवेल ती," ल्युबा म्हणाली. "कोंबड्यांचं काय एवढं! आणि मावशी, वृद्धाश्रमात म्हणे नाताळात गाणी असतात..."

"नाही ठेवणार," मी म्हटलं.

मावशीने मान वर केली. तिला वाटलं असणार, कोंबड्या जास्त झाल्या. "बरं, बरं, चारच..."

"मावशी," मी म्हटलं, आणि अकरा वर्षं बसच्या दारात ओरडणारा माझा आवाज इतका बारीक निघाला की मला तो पुन्हा काढावा लागला. "मावशी, तुमचा अर्धा तास कुठेही हरवला नाही. आम्ही थांबलोच नव्हतो. एक मिनिटसुद्धा नाही. मी ओरडले, 'शेजारी आहे का?' आणि तुमच्या शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही नाही हे कुणाला कळलंच नाही. फोन वाजेपर्यंत नाही. तुमची कटलेटं आम्ही खाल्ली."