हिरव्या पाण्याचा हौद

आता मला पाहून कुणाला पटायचं नाही, पण मित्रांनो, मी एक जुना हौद आहे.

लाँड्रीच्या मागच्या अंगणात गवंड्यांनी मला बांधलं आणि घोटून गुळगुळीत केलं. चादरी, पडदे, पोरांचे गणवेश, सगळे माझ्यातच डुंबायचे. लाँड्रीवाले आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "तळ दिसतो बघा, तळ!" मग यंत्रं आली. गरज सरो, वैद्य मरो! माझ्याकडे कुणी फिरकेना. नुसतं पडून राहणाऱ्याला दिवस फार मोठा असतो.

पावसाचं पाणी साचलं, भिंतींवर शेवाळ धरलं. डासांनी अंडी घातली, त्यांच्या अळ्या हिरव्या पाण्यावर पोसल्या. अळ्या खायला चतुर कीटकांची पिल्लं झाली, आणि मागोमाग बेडूक आले. आमंत्रण कुणालाच नव्हतं. एकाच्या मागून दुसरा पंगतीला बसला आणि माझं घर भरलं. संध्याकाळी बेडकांचा असा काही गलका चाले की मला वाटे, आपण पुन्हा कामाला लागलो. फार सुखात होतो मी.

एक दिवस लाँड्रीवाले मागे आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आपल्याकडे हिरवं पाणी? लोक कपडे टाकतील का?" डाग दिसला की घासायचा, ही त्यांची जन्माची सवय! त्यांनी मला लख्ख खरवडलं. शेवाळाबरोबर चतुरांची पिल्लंही कचऱ्यात गेली. बेडूक कुंड्यांमागे लपले म्हणून वाचले. नवं पाणी साचलं तेव्हा अळ्या खाणारं त्यात कुणी नव्हतं. डासांचं चांगलंच फावलं.

लाँड्रीवाल्यांची थोरली बहीण नुकतीच एकटी पडून भावाकडे राहायला आली होती. तिची खिडकी माझ्यासमोरच.

"अरे, डासांनी फोडून काढलंय मला. काहीतरी कर बाबा!"

भावाने बरणीभर गप्पी मासे आणून सोडले. त्यांनी अळ्या फस्त केल्या, सगळ्यांनी वाहवा केली. पण डासाची अळी कुठली आणि बेडकाचं पिल्लू कुठलं, हे माशांना कोण सांगणार? त्यांनी बेडकांची अंडीही खाल्ली, पिल्लंही. म्हातारे बेडूक एकेक करून गेले. काठोकाठ भरलेला असूनही मी इतका एकटा कधीच नव्हतो.

एका संध्याकाळी ताई माझ्या कठड्यावर येऊन बसली.

"अरे, ती बेडकं कुठे गेली रे?"

"का गं ताई? डोकं उठवायची ना तुझं?"

"उठवायची. पण ती ओरडायची तोवर आसपास कुणीतरी आहे असं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी भावाने फडक्याने मासे गाळून काढले आणि जिथून आणले तिथे नेऊन दिले. बेडूक मात्र परतले नाहीत. आसपासची डबकी तोवर बुजली होती. येणार तरी कुठून?

आता माझ्यात पाला कुजून गाळ झाला आहे. गाळात गवत उगवलं आहे, आणि एक रोपटं मुळं रोवून माझी भिंत फोडतं आहे. भाऊ म्हणतो, साफ करू. ताई म्हणते, "राहू दे. कोण कोण येतंय ते आधी बघू तरी."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणालाही हुसकावण्याआधी, त्याच्यावाचून कुणाकुणाचं अडेल हे जरा थांबून पाहा. पाऊस लागला की ताई खिडकी उघडी ठेवते. आम्ही दोघंही कान देऊन असतो, आणि नुसता पाऊसच ऐकू येतो.