डोळ्यांचे थेंब आणि माझा शब्द

हो, मीच बोलतोय, औषध कारखान्याच्या तपासणी खोलीतला स्पेक्ट्रोमीटर. करड्या रंगाचा, ट्रंकेएवढा. बाहेरून माझ्यात पाहण्यासारखं काही नाही. सगळी श्रीमंती पोटात आहे.

पोटात दोन दिवे आहेत. त्यांचा उजेड बारीक फटीतून शिरतो आणि दाट रेघा मारलेल्या आरशावर पडतो. तिथे त्याची फाटाफूट होते. जांभळा एका वाटेने, तांबडा दुसऱ्या. तुमची नजर तिथेच संपते. मला जांभळ्याच्या अलीकडचा अतिनील आणि तांबड्याच्या पलीकडचा अवरक्तही कळतो. त्यासाठी मला दोन वेगळे डोळे दिलेत. आरसा हळूहळू फिरवत मी एकेक किरण औषधातून पाठवतो. किती पलीकडे पोचला आणि किती औषधाने गिळला, ते माझे डोळे सांगतात. फुशारकी म्हणा हवं तर, पण तुमच्यापैकी कोणाला हे जमणार नाही.

खोलीची प्रमुख एक बाई आहे आणि तिच्या हाताखाली तिचाच धाकटा दीर. कामावर तो तिला मॅडम म्हणतो. गडबडला की वहिनी.

एकदा डोळ्यांत घालायचे थेंब तपासायचे होते. औषध पाण्यासारखं नितळ, त्याची ओळख पटते ती फक्त अतिनीलात. दिराने चौकोनी कुपीत नमुना भरून ठेवला. मी आकडा दिला: औषध हवं त्याच्या कितीतरी पट जास्त! त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"वहिनी, म्हातारा गेला कामातून! मोडीत काढा याला, नवीन मागवू."

"आणि थेंबच जास्त तीव्र झाले असले तर? कुणाच्या तरी डोळ्यांत जायचेत ते."

"छे हो, याचंच डोकं फिरलंय."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं इमानाने काम केलं, आणि एका आकड्यासाठी थेट भंगारात?

बाईने वाद घातला नाही. तीच कुपी धुतली, साध्या पाण्याने भरली आणि मला पुन्हा कामाला लावलं. सगळे रंग सरळ पार झाले. अतिनील मात्र तिथेच अडला.

"पाण्यात कसलं औषध?" ती म्हणाली. "अरे, ही कुपी साध्या काचेची आहे. अतिनीलाला क्वार्ट्झची लागते. धुऊन एकाच डब्यात ठेवल्यास ना दोन्ही?"

दिसायला दोन्ही सारख्याच. पण साधी काच अतिनीलाला वाट देत नाही, आणि तिने अडवलेला अतिनील मी औषधाच्या खात्यात मोजला होता. दिराचे कान लाल झाले.

"वहिनी, घरी नका सांगू हं."

"नाही सांगत. आधी याला सॉरी म्हण."

दाराकडे कोणी नाही ना, ते बघून त्याने माझं झाकण थोपटलं. "सॉरी, आजोबा."

क्वार्ट्झच्या कुपीत थेंब अगदी नेमके निघाले. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे नवा स्पेक्ट्रोमीटर आलाच. माझ्या शेजारीच बसतो, चकचकीत आहे, झटपट आहे. माझं काही म्हणणं नाही. फक्त आमचा आकडा पटला नाही, तर आधी आमच्यापुढे काय ठेवलंय ते बघत जा. परवा नव्याचा आकडा दिराला पटेना. क्वार्ट्झच्या कुप्यांवर आता खूण असते; त्याने ती उजेडात धरून पाहिली, कुपी क्वार्ट्झचीच होती. मग ती उचलून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "थांबा मॅडम, आजोबांना विचारतो."