दुसऱ्या अपिलाचं उत्तर

पत्र आलं तेव्हा अजिनाथ मिरजगावच्या रानात कांदे खुरपत होता. पोस्टमननं तीनदा हाक मारली. शेवटी सुरेखानं जाऊन नवऱ्याचा खांदा हलवला. तोफखान्यात सोळा वर्षं काढून तो दोन्ही कान घालवून आला होता. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेलं पहिलं अपील फेटाळलं गेलं होतं. हे दुसऱ्याचं उत्तर. इंग्रजीत.

दोघं एसटीनं नगरला गेले, निवृत्त सुभेदार हनुमंतांकडे. माजी सैनिकांचे अर्ज तेच लिहून देत.

“फेटाळलं,” म्हणत सुभेदारांनी पत्र बाजूला ठेवलं. या खेपेला सोबत मेडिकल बोर्डाच्या कागदाची नक्कल होती. ती वाचून त्यांनी चष्मा काढला.

“लहानपणी कान वाहायचा का रे तुझा?” ते मोठ्यानं म्हणाले.

“कदीच न्हाई, साहेब.”

“इथं तर लिहिलंय. दुखणं भरतीच्या आधीचं, जवानानं स्वतः सांगितलं. खाली तुझी सही.”

सही त्याचीच होती. अजिनाथला ती खोली आठवली. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते आणि लिहिता लिहिताच काहीबाही विचारत होते. ओठ दिसत नव्हते. ऐकू येत नाही म्हणायची त्याला लाज वाटली होती. साहेबानं विचारलं की ‘जी साब’ म्हणायचं, हे अंगात मुरलेलं. तो प्रत्येक वेळी तेच म्हणाला होता.

“मला प्रश्नच ऐकू आला न्हवता,” तो पुटपुटला.

“अवो, कान तपासाया बशिवलेल्या मानसाला तोंडी कसं इचारलं त्यांनी?” सुरेखा कळवळून म्हणाली.

सुभेदारांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, “सैन्यदलाच्या लवादात जाता येईल, सहा महिन्यांच्या आत. पण तिथंही आधी हाच कागद पुढं येणार. खोलीत तिसरं कुणी होतं?”

“न्हाई.”

लवादाचा अर्ज सुरेखानं भरून आणला. सही तेवढी राहिली. ती आठवण करून द्यायची, तो म्हणायचा, “उद्या बगू.” आपल्याच हातानं आपण बुडालो, आता भांडायचं कुणाशी, हे त्याच्या मनातून जाईना.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिनं अर्ज पुढं धरला, हातात पेन दिला. अजिनाथनं पेन टेकवला. मग उचलून तिला परत दिला.

“न्हाई जमत गं,” म्हणाला, आणि लाईट जायच्या आत मोटार चालू करायला रानाकडं निघून गेला.