पाटावर कुठलं ठेवू?

"अगेन, इश," कंपनीत बंदूक शिकवणारी शेली म्हणाली.

ईश्वर भोईटेनं उजव्या मुठीत पिस्तूल आवळलं, डाव्या हातानं त्याचं वरचं सरकतं पोलाद पकडलं आणि मागं खेचलं. खेचलं कसलं, निम्म्यात आलं आणि अडलं. आतली स्प्रिंग म्हणजे नुसता राक्षस. अंगठ्याच्या बुडातून कळ उठली ती थेट कानशिलात गेली. तोंडावर मात्र काही नाही. एकोणीस वर्षं हा माणूस एडमंटनच्या रस्त्यांवर बँकांच्या पैशांची बख्तरबंद गाडी राखत होता. तोंड दगडासारखं ठेवायचाच तर पगार होता त्याला.

टेबलावर त्याचं जुनं रिव्हॉल्व्हर पडलं होतं. साधं, गरीब जनावर. त्यात ओढायचं काही नाही, सरकवायचं काही नाही. घोडा दाबला की चक्र फिरतं. एखादी गोळी मुकी निघाली तर पुन्हा दाबा, पुढची हजर. पण गोळ्या सहाच. पिस्तुलात दहा, आणि भरायला झटपट. म्हणून कंपनीनं ठरवलं की गाडीवर आता पिस्तूलच. ज्याला रिव्हॉल्व्हर सोडवत नसेल त्यानं खुशाल ठेवावं, पण गाडी सोडायची आणि आतल्या खोलीत बसून आलेल्या पिशव्या ताब्यात घ्यायच्या. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. काय ते मंगळवारी सांगायचं होतं.

"वन मोअर. धिस वन काउंट्स," शेली म्हणाली.

आता ईश्वरनं आपली युक्ती काढली. पिस्तुलाच्या मागं नेम धरायला एक बारीक उंचवटा असतो. तो त्यानं कमरेच्या जाड पट्ट्यात अडकवला आणि अख्ख्या हाताचा जोर लावून पिस्तूल खाली रेटलं. खट्ट! पोलाद सरकलं, गोळी चढली. मग समोरच्या कागदाच्या माणसाची त्यानं चाळण केली.

"नॉट प्रिटी, बट इट वर्क्स," म्हणत शेलीनं त्याला पास केलं आणि पिस्तुलाचं नवंकोरं काळं होल्स्टर त्याच्या हातात दिलं. प्लास्टिकचं. वासही प्लास्टिकचाच.

या युक्तीची तालीम त्यानं घरी केली होती, बेसमेंटमध्ये. बंदूक घरी न्यायची सक्त मनाई, मग चकलीचा सोऱ्या घेतला. त्याचा दांडा पट्ट्यात अडकवून हे रेटायचे खाली. एकदा अरुणा, त्याची बायको, ड्रायरमधले कपडे काढायला खाली आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय? चकल्या पोटात गाळताय काय?"

"व्यायाम करतोय."

"सोऱ्यानं?"

"मग! डंबेल फुकट मिळतात होय?"

अरुणा नर्स. तिच्याच व्हिसावर तो या देशात आला होता, आणि तिथल्या मराठी मंडळातले डॉक्टर-इंजिनिअर पहिली काही वर्षं त्याला "अरुणाताईंचे मिस्टर" एवढंच म्हणायचे. कमरेला बंदूक लागली तसा तो ईश्वरराव झाला. आता गणपतीत रिटायर्ड डॉक्टर भाऊसाहेब मुद्दाम खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायचे. यंदाही विचारलं, "काय ईश्वरराव, अमेरिकेत आमचा भाचा कोटाखाली लपवून बाळगतो म्हणे. लपवायला बरं कुठलं हो, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?"

"डॉक्टर, इथं लपवलंत तर आत बसाल. आमचं दिसायसाठीच असतं. दिसलं की काढायची वेळ येत नाही."

सगळे हसले. ईश्वरनं डावा हात तेवढा खुर्चीखाली घेतला. प्रसादाची वाटी धरताना अंगठा थरथरत होता.

तर त्या शुक्रवारी पास होऊन तो गाडीत बसला. स्टिअरिंगवर गुरनाम; त्यानं मागं उभं राहून सगळी परीक्षा बघितली होती. अमृतसरकडचा, चाळिशीतला गडी, सहा वर्षं त्याचा जोडीदार. एक पिशव्या आणणार, दुसरा त्याची पाठ राखणार. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांचे डबे खाल्ले, एकमेकांच्या बायकांची गाऱ्हाणी ऐकली आणि उणे पस्तिसात एकमेकांच्या पाठीमागं उभे राहिले.

गुरनाम आज गप्प होता. गुरनाम गप्प म्हणजे गाडीचं इंजिन बंद पडल्यासारखंच.

"क्या हुआ रे? बीवीने दाढी खींची क्या?" ईश्वरनं विचारलं.

गुरनाम हसला नाही. सिग्नलला गाडी थांबली तसं त्यानं बाजूची पाण्याची बाटली उचलली, झाकण पिरगाळून सैल केलं आणि बाटली ईश्वरच्या मांडीवर ठेवली. रोजच ठेवायचा. ईश्वरला वाटायचं, पोरगा संस्काराचा आहे, वडीलधाऱ्याला आधी पाणी देतो.

"पाजी, एक बात बोलूँ? गुस्सा मत करना."

"बोल."

"डेढ साल से आपकी बोतल मैं खोल रहा हूँ."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न मारला.

"बोतल तो मैं जिंदगीभर खोल दूँगा, पाजी," गुरनाम म्हणाला. "लेकिन वो पिस्तौल अटक गयी, और मैं बाहर बैग लेके खडा हूँ, तो वो कौन खोलेगा?"

"मैं पास हुआ ना? देखा ना तूने?"

"देखा. पट्टे में अटकाके. कागज का आदमी था, रुका रहा बेचारा."

ईश्वरला असा राग आला की बस. तू कोण मला शिकवणार, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण राग खाली उतरला तशी खाली भीती बसलेली दिसली, आणि ती काही आजची नव्हती. त्यानं बाटली उचलली. झाकण नुसतं बोट लागताच निघालं.

"शेली को बोला क्या?"

"पागल हो? आपकी बात है. आप बोलोगे तो बोलोगे."

पुढच्या तीन बँका झाल्या, पण दोघं कामापुरतंच बोलले.

सोमवारी खंडेनवमी आली, आणि त्याच दिवशी इकडची थँक्सगिव्हिंगची सुट्टी. शेजाऱ्यांच्या ओव्हनमधून टर्कीचा वास येत होता. अरुणानं पाट मांडला. तिचा स्टेथोस्कोप, विंटर टायर बदलायचा पाना, सोऱ्या, सगळं पुसून ओळीनं ठेवलं. पंजाबी ग्रोसरीतून आणलेले झेंडू देठं काढून ताटलीत घेतले. दरवर्षी मधे ईश्वरचं होल्स्टर असायचं. रिव्हॉल्व्हर कंपनीच्या कपाटात, म्हणून त्याच्या रिकाम्या कातडी घराचीच पूजा. कातडं घासून घासून मऊ झालेलं आणि कोपऱ्यात एकोणीस वर्षांचं कुंकू मुरलेलं.

यंदा टेबलावर दोन होती. एक ते, आणि एक चकचकीत काळं.

अरुणा हळदकुंकवाची कोयरी घेऊन उभी राहिली. तिनं दोन्हीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताकडं. नर्सच ती. तिला काय, अंगठा केव्हाचा कळला होता.

"पाटावर कुठलं ठेवू?" तिनं विचारलं.

ईश्वरला गाडीच्या जाड काचेतून दिसणारं ते गाव आठवलं. मॉलच्या मागच्या दाराला सिगरेट ओढणाऱ्या, "हाय इश" म्हणणाऱ्या पोरी, पुलावरून दिसणारी गोठलेली नदी, कमरेकडं बघून आईच्या मागं लपणारी लहान मुलं. आणि बाहेर पिशवी घेऊन उभी असलेली गुरनामची रुंद पाठ.

"जुनं ठेव," तो म्हणाला.

"नक्की?"

"ठेव म्हणलं ना. माझा हात पोचत नाही का तिथं? दे इकडं."

त्यानं स्वतःच ठेवलं. कुंकू लावताना होल्स्टर धरलेला डावा अंगठा थरथरला, टिळा वाकडा गेला. अरुणानं तो पुसून नीट केला नाही, तसाच राहू दिला.

मंगळवारी त्यानं शेलीला नवं होल्स्टर परत दिलं. ती म्हणाली, "बट यू पास्ड, इश!" तो म्हणाला, "येस. पेपर मॅन पास्ड मी." तिला काही कळलं नाही, पण तिनं ते घेतलं.

नोव्हेंबरात बर्फ पडला तो ईश्वरनं सकाळी फावड्यानं ड्राइव्हवे साफ करताना पाहिला तेवढाच. दिवसभर मग ट्यूबलाइट, पोलादी दार आणि दाराजवळचं गल्ल्यासारखं काउंटर. कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, ते बघायला कुणी नव्हतं.

दुपारी दारावरचा दिवा लागला. गुरनाम आत आला, खांद्यावर अजून बर्फाचे कण. त्याच्या मागं एक नवा, तरणाताठा जोडीदार, कमरेला काळं प्लास्टिक.

"ये मोहन है, पाजी. आपकी सीट पे."

"सीट की स्प्रिंग टूटी है, बाईं तरफ. जरा तिरछा बैठना," ईश्वर मोहनला म्हणाला.

पिशव्या दिल्या, घेतल्या, सह्या झाल्या. दोघं निघाले. पोलादी दार सावकाश लागलं, बाहेर गाडीचं इंजिन गुरगुरलं आणि आवाज लांब गेला.

काउंटरवर पाण्याची बाटली राहिली होती. ईश्वरनं हात लावला. झाकण नुसतं वर टेकवलेलं होतं.