खपली पडेपर्यंत

काडीच्या टोकावर मलमाचा थेंब थिजत होता — मेण, ज्येष्ठमधाचा अर्क, थोडा पुदिना. बरोबर जमला होता. पण त्याच्या पलीकडे, दुकानाच्या फळीशी उभ्या असलेल्या थोरल्या जावेचा ओठ तिला दिसत होता, कोपऱ्यात पाणभरल्या फोडांचा झुपका घेऊन बसलेला... तापाचा जर उठला होता, चांगला टपोरा, आणि तो बघून तिला मनापासून आनंद झाला. आनंदच, उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं?

"उद्या लेक बाळाला घेऊन घरी येतेय," जाऊबाई म्हणाल्या. "पहिला नातू. रात्रीत सुकेल असं काहीतरी दे गं. तुझ्या हाताला गुण आहे."

गुण! एकोणीस वर्षांपूर्वी याच तोंडाने... ती तीन दिवसांची बाळंतीण, ओठावर असाच जर, आणि भरल्या खोलीत जाऊबाईंनी तिच्या कुशीतून पोर उचललं होतं — 'ओठ बघ आधी आरशात, आणि खबरदार मुका घेतलास तर' — कोणीतरी फिसकन हसलंही होतं. पुढे दहा दिवस पोर दूध पिण्यापुरतं तिच्याजवळ, तेही तिच्या तोंडाला फडकं बांधून, बाकी वेळ जावेच्या खांद्यावर. त्या फडक्याआड तिने किती शिव्या मोजल्या होत्या! नंतर हे मलम करायला शिकली तीही बहुधा त्याच रागाने. आज बाई आयती हातात सापडली होती.

तिने डबी भरली, झाकण लावलं आणि सावकाश, चव घेत म्हणाली, "याने ठणका कमी होईल. पण रात्रीत काही सुकत नाही, जाऊबाई. खपली पडेपर्यंत बाळाचा मुका घ्यायचा नाही. इतक्या कोवळ्या पोराला हे लागलं तर जिवावर बेततं."

जाऊबाईंनी ओठांवर रुमाल धरला. डोळे भरले होते. हेच बघायचं होतं तिला, इतकी वर्षं.

पण ते वाक्य... तान्हं मूल घरात असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हेच सांगत आली होती, शब्दही न बदलता, आणि एकदाही, एकदाही तिने ते त्या बाळंतिणीच्या खोलीत नेऊन ठेवलं नव्हतं. दहा दिवस जावेच्या खांद्यावर राहिलेलं तिचं ते पोर आज धडधाकट कॉलेजात जात होतं.

"तेव्हा तुलाही असंच झालं असेल ना गं," रुमालाआडून जाऊबाई म्हणाल्या.

तिने डबी फळीवरून पुढे सरकवली. राग होता तिथेच होता, फक्त त्याच्याखालचं कारण कोणीतरी काढून नेलं होतं, आणि त्याबद्दल तिला जावेचा पूर्वीपेक्षाही जास्त राग आला.